जुन्या चित्रांचा नवा खेळ

दाभोळच्या धक्क्यावरून वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे धोपाव्याला जाणारी फेरीबोट सुटली, की वडीलधारी मंडळी कठड्याशी उभी राहून पाण्याकडे पाहतात आणि मुले हातातल्या मोबाइलमध्ये डोके खुपसून बसतात. त्या लहानशा पडद्यावर काय चालले आहे, हे वाकून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. 'गेम खेळतोय' या दोन शब्दांत विषय निकालात निघतो. या शब्दांत कौतुक नसते. थोडी चिंता, थोडा तिटकारा आणि बरीचशी उदासीनता असते. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्र सरकारला ऑगस्ट २०२५ मध्ये करावा लागला, हे लक्षात घेता ही चिंता अगदीच निराधार आहे असेही म्हणता येणार नाही. परंतु जुगार वेगळा आणि खेळ वेगळा. शिवाय खेळांमध्येही कोणी घडविलेला खेळ आपण खेळतो आणि आपल्या स्मृतींतून कोणाचा खेळ घडतो, हा प्रश्न उरतोच. कोकणासारख्या सोंगांनी, चित्रांनी आणि खेळांनी गजबजलेल्या प्रदेशाने तरी या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये.

हा प्रश्न आज उपस्थित होण्याचे कारण असे, की व्हिडिओ गेमच्या जगात गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक विलक्षण उलटा प्रवाह सुरू झाला आहे. संगणकाची शक्ती इतकी वाढली, की पडद्यावरचे झाड आणि परसातले झाड यांत फरक करणे अवघड व्हावे. नेमक्या याच काळात अनेक निर्मात्यांनी हुबेहूबपणाचा हव्यास सोडून जुन्या चित्रांकडे मोर्चा वळविला. कोणी चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांतील चौकोनी ठिपक्यांची पात्रे पुन्हा नाचविली, तर कोणी त्याहूनही मागे जाऊन १९३०च्या सुमारास अमेरिकेत निघणाऱ्या कृष्णधवल कार्टूनपटांना जवळ केले. या दुसऱ्या प्रकारातील सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे कॅनडातील चॅड आणि जॅरेड मोल्डनहावर या बंधूंचा २०१७ मध्ये बाहेर पडलेला 'कपहेड'. डोक्याच्या जागी कप असलेले दोन भाऊ सैतानाशी पैज हरतात आणि ती फेडण्यासाठी त्याची थकलेली कर्जे वसूल करीत हिंडतात, एवढीच त्याची कथा. कथेपेक्षा ती सांगण्याची रीत महत्त्वाची. त्यातील पात्रांची प्रत्येक हालचाल कागदावर पेन्सिलीने काढून मग शाईने गिरविलेली आहे, पार्श्वभूमीची दृश्ये जलरंगांत रंगविलेली आहेत आणि संगीत खऱ्या वादकांना एकत्र बसवून मुद्रित केलेले आहे. जुन्या कार्टूनपटांच्या हिशेबाने एका सेकंदाच्या हालचालीला चोवीस चित्रे लागतात. हा हिशेब पुरा करण्यासाठी या बंधूंनी नोकऱ्या सोडल्या आणि घरे गहाण ठेवली.

त्या जुन्या कार्टूनपटांतील पात्रांच्या हातापायांना कोपर नसे की गुडघा नसे. रबराच्या नळीप्रमाणे ते हवे तसे वळत. या शैलीचे मूळ सौंदर्यदृष्टीइतकेच काटकसरीतही होते. हजारो चित्रे हाताने आणि वेगाने काढायची, तर सांधे काढत बसणे परवडणारे नव्हते. गरजेतून जन्मलेली ही युक्ती पुढे शैली ठरली आणि शैली ठरल्यावर स्मृती झाली. मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या बंधूंची बेटी बूप, त्यांनी १९३३ मध्ये पडद्यावर आणलेला पॉपाय, त्यापूर्वी १९२८ मध्ये शिटी वाजवीत अवतरलेला वॉल्ट डिस्नेचा मिकी माऊस, ही सारी त्याच कुळातील मंडळी.

व्हिडिओ गेमचे या मंडळींशी नाते काही आजचे नाही. १९८१ मध्ये जपानच्या निन्टेंडो कंपनीत शिगेरू मियामोतो नावाचा तरुण चित्रकार एका खेळाची जुळवाजुळव करीत होता. त्याच्या मनात होते ते पॉपाय, त्याची प्रेयसी ऑलिव्ह आणि दांडगा ब्लूटो हे त्रिकूट. पॉपाय वापरण्याची परवानगी त्या वेळी मिळू शकली नाही. मियामोतोने त्रिकोण तसाच ठेवून माणसे बदलली. ब्लूटोच्या जागी माकड आले, ऑलिव्हच्या जागी दुसरी नायिका आली आणि पॉपायच्या जागी टोपी घातलेला, मिशाळ सुतार आला. हाच सुतार पुढे प्लंबर बनून 'मारिओ' या नावाने घराघरांत पोहोचला. नव्याने जुन्याचा हात धरून उभे राहावे, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

मारिओ कोकणातही पोहोचला, परंतु मागील दाराने. नव्वदच्या दशकात परदेशी यंत्रांच्या स्वस्त नकला भारतातील बाजारांत आल्या. मुंबईच्या चाकरमान्यांनी गणपतीला किंवा मे महिन्यात गावी येताना त्या आणल्या. दूरदर्शन संचाला वायर जोडायची, प्लॅस्टिकची जाडजूड 'कॅसेट' खोबणीत बसवायची, ती चालली नाही तर काढून तिच्यात फुंकर मारायची आणि वीज जाईपर्यंत खेळायचे, हा त्या पिढीचा सोहळा होता. ती पिढी आज चाळिशीच्या आसपास आहे आणि जुन्या धर्तीचा नवा खेळ दिसला की हळवी होते. तिचे हळवे होणे समजण्यासारखे आहे. तिच्या बालपणाचा तो भाग खराच होता. मात्र ज्या चित्रांनी ती हळवी होते, ती चित्रे क्योतोच्या किंवा न्यूयॉर्कच्या कोणा चित्रकाराच्या बालपणातून आलेली असतात. आणि आजचा फेरीबोटीतला मुलगा जेव्हा कपहेडच्या धर्तीची पात्रे पाहून 'जुने ते सोने' म्हणतो, तेव्हा तर तो स्वतः न भोगलेल्या आणि त्याच्या आजोबांनीही न पाहिलेल्या काळासाठी हुरहुरत असतो. इतरांची आठवण आवडण्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच, की मराठी प्रदेशाला अशी स्वतःची जुनी हलती चित्रे नव्हतीच की काय?

होती, आणि अमेरिकेतील त्या कार्टूनपटांच्याही आधीपासून होती. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु त्यापूर्वी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून, ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत, रोप वाढतानाचा लघुपट केला होता. आणि तो पाहूनच पुढच्या चित्रपटाला भांडवल देणारा माणूस राजी झाला होता, याचे स्मरण फारसे होत नाही. १९१५ मध्ये, महायुद्धामुळे कच्ची फिल्म आणि पैसा दोन्ही दुर्मीळ झाले असताना, त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा छोटा चित्रपट काढला. काडी किंचित हलवायची, एक चित्र घ्यायचे. पुन्हा हलवायची, पुन्हा चित्र घ्यायचे, अशा रीतीने त्यांनी निर्जीव काड्यांना नाचविले. फ्रान्समध्ये एमिल कोल याने असा प्रयोग आधी केला होता हे खरे, परंतु भारतातील हे काम पहिलेच मानले जाते. पुढे मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्र विभागात डिस्नेकडे काम केलेल्या क्लेअर वीक्स यांनी भारतीय चित्रकारांना धडे दिले आणि त्या शिक्षणातून १९५७ मध्ये जातककथेवरील 'द बॅनियन डिअर' तयार झाला. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांच्या 'एक, अनेक और एकता' या १९७४च्या लघुपटाने दूरदर्शनवर एका पिढीला वाढविले. तात्पर्य, परंपरा तुटक असली तरी ती होती.

मग तिच्यातून कपहेडसारखे काही का उगवले नाही? भांडवल नव्हते, तंत्रज्ञान नव्हते, ही कारणे अर्धसत्य आहेत. मुख्य कारण असे, की मोल्डनहावर बंधूंना लहानपणी घरात बसून पाहायला जुने कार्टूनपट उपलब्ध होते आणि फाळक्यांची 'आगकाड्यांची मौज' आज कोणालाच पाहायला मिळत नाही. फाळक्यांच्या प्रचंड निर्मितीपैकी फार थोडे तुकडे हाती उरले आहेत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. तोवर मूकपटांच्या बहुतेक फिती नष्ट झाल्या होत्या. जुनी नायट्रेटची फिती ठिणगीसरशी पेट घेते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात अशा फितींच्या कोठाराला आग लागून प्रभातच्या काळापासूनचा मोठा ठेवा भस्मसात झाला. ज्याचे दर्शनच घडत नाही त्याच्यापासून स्फूर्ती कोण कशी घेणार? कलावंत शून्यातून निर्माण करतो ही कल्पना मोहक असली तरी वास्तवाला धरून नाही. त्याच्यापुढे जे ठेवले जाते त्यातूनच तो वेचतो.

येथे निन्टेंडोचीच आणखी एक हकिकत विचारात घेण्याजोगी आहे. ही कंपनी १८८९ मध्ये क्योतो शहरात निघाली ती पत्ते तयार करण्यासाठी. फुलापानांची चित्रे असलेले 'हानाफुदा' नावाचे पत्ते तिचे कारागीर हाताने बनवीत. जपानात युरोपीय धर्तीचे पत्ते सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी नेले. पत्त्यांसाठीचा 'कारुता' हा जपानी शब्दही पोर्तुगीजच. जपानला पोहोचण्यापूर्वी याच पोर्तुगीजांच्या आरमाराने कोकण किनाऱ्यावर काय केले, ते दाभोळला चांगले ठाऊक आहे. बहमनी काळात नावारूपाला आलेले हे बंदर. रशियन प्रवासी अफनासी निकितिन भारतातून परतताना येथूनच गलबतात बसला होता. त्या भरभराटीच्या बंदराला फ्रान्सिस्को द आल्मेदा याने डिसेंबर १५०८ मध्ये आग लावली. तरीही कोकणाची चित्रे आणि खेळ तगून राहिले. इराणी वळणाचा गंजिफा भारतात रुजला आणि सावंतवाडीला त्याने दशावतारांचे रूप घेतले. एकेका अवताराची बारा, अशी एकशेवीस गोल पाने. प्रत्येक पान हाताने रंगविलेले. सावंतवाडीच्या राजवाड्यात ही पाने आजही रंगविली जातात. क्योतोचा पत्ता आणि सावंतवाडीचा पत्ता ही कारागिरीच्या दृष्टीने सख्खी भावंडे. पैकी एकाच्या घराण्यातून जगातील एक बलाढ्य खेळ-कंपनी उभी राहिली आणि दुसरा काचेच्या कपाटात, पर्यटकांच्या पिशवीत किंवा लग्नाच्या अहेरात जाऊन बसला. फरक कौशल्याचा नव्हता. एका ठिकाणी पत्ता हा सतत खेळण्याची वस्तू राहिला आणि खेळ बदलला तसा कारागीरही बदलला; दुसऱ्या ठिकाणी खेळणारे संपले आणि पान तेवढे उरले.

परंतु कोकणात अद्याप संपलेले नाही असेही पुष्कळ आहे. शिमग्याच्या दिवसांत दापोली-गुहागरच्या बाजूला वाड्यावाड्यांतून संकासूर फिरतो. अंगात काळा पोशाख, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरांचा पट्टा. घुंगरांचा आवाज कानी आला की पोरे ओरडत पळतात, पुन्हा धीर करून त्याच्या मागे लागतात. रत्नागिरी जिल्ह्यातील नमनात तर या प्रयोगालाच 'खेळे' म्हणतात. मृदंगाच्या साथीत गणपती येतो, गौळणींची वाट अडविणारा कृष्ण येतो, मावशी येते, संकासूर येतो, शेवटी रावणही येतो. प्रत्येक सोंगाची चाल निराळी, प्रवेशाची लय निराळी, बाह्यरेषा निराळी. लांबून, अंधुक उजेडात, नुसत्या आकारावरून पात्र ओळखू यावे हा कार्टूनपटाचा पहिला नियम. तो या खेळ्यांनी कोणत्याही पाठशाळेत न जाता पाळलेला आहे. दक्षिणेला सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी दाखवितात. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे क्रमाने पुढे धरायची आणि वाद्यांच्या साथीने कथा गात जायचे. चित्र बदलले की कथा पुढे सरकली. याच समाजाने चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्या आणि लाकडाच्या कळसूत्री बाहुल्याही सांभाळल्या. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, ती या सांभाळण्याबद्दलच.

अशा वाटेने जाता येते याचा दाखलाही महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने २०२० मध्ये 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली राजी ही डोंबारी कसरती करणारी मुलगी त्याची नायिका. कथेतील दुवे त्यात सावल्यांच्या बाहुल्यांच्या धर्तीवर सांगितले आहेत. लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा या संस्थेचा आधीचा प्रयत्न फसला होता. तरीही खेळ पुरा झाला, परदेशांत खेळला गेला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील उत्कृष्ट खेळांच्या नामांकनांत त्याचे नाव आले. त्याची वास्तू आणि वेशभूषा मुख्यतः उत्तरेकडची आहेत, कोकणाची नव्हेत. परंतु भारतीय बाहुली आणि व्हिडिओ गेम यांचे हाडवैर नाही, एवढे त्याने निश्चित सिद्ध केले.

या उत्साहाला दोन पथ्ये मात्र पाळावी लागतील. पहिले पथ्य जुन्याच्या निवडीचे. अमेरिकेतील त्या काळच्या कार्टूनपटांत कृष्णवर्णीयांची हीन टवाळी विपुल होती. मोल्डनहावर बंधूंनी ती गाळली आणि शैली तेवढी उचलली. तरीही शैली आणि तिचा इतिहास असे वेगळे करता येतात काय, असा प्रश्न टीकाकारांनी विचारलाच. येथील जुन्या सोंगांतही बायकांवर आणि दुबळ्यांवर केलेले विनोद आहेत. ते जुने आहेत म्हणून जपण्यायोग्य ठरत नाहीत. उलट संकासुरासारख्या सोंगाला गावकऱ्यांच्या श्रद्धेत स्थान आहे. त्याला दहा गुणांसाठी मारावयाचा राक्षस करून टाकणे हा अडाणीपणा ठरेल.

दुसरे पथ्य श्रेयाचे आणि मोबदल्याचे. चित्रकथीची रेषा पिढ्यान् पिढ्या एका गरीब समाजाने राखली. उद्या एखाद्या शहरी कंपनीने ती संगणकात उतरवून घेतली आणि खेळाच्या अखेरीस 'पारंपरिक कलेपासून प्रेरित' असे चार शब्द लिहिले, तर ते ऋण फिटत नाही. कलावंताचे नाव, त्याच्याशी करार आणि विक्रीतील वाटा या तीन गोष्टी आरंभीच ठरल्या पाहिजेत. दाभोळला तर नाव उचलून नेले जाण्याचा अर्थ अनुभवाने कळलेला आहे. १९९०च्या दशकात एन्रॉनच्या वीज प्रकल्पामुळे 'दाभोळ' हा शब्द जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला. प्रकल्प प्रत्यक्षात खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात होता आणि २००१ मध्ये तो बंदही पडला. गावाच्या वाट्याला वादाचे नाव तेवढे आले. परंपरेचेही असेच होऊ नये.

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंग उद्योगासाठी धोरण मंजूर केले. अशा धोरणांत उद्याने, सवलती आणि रोजगार यांचे आकडे ठळक असतात, आणि ते असावेतही. परंतु इमारतीत बसलेल्या तरुणासमोर स्फूर्तीसाठी काय ठेवायचे, याचा विचारही त्यात हवा. त्यासाठी लागणारा खर्च फार मोठा नाही. नमनातील प्रत्येक सोंगाच्या चालीचे व्यवस्थित चित्रीकरण, चित्रकथीच्या पोथ्यांच्या आणि गंजिफाच्या पानांच्या उत्तम प्रतिमा, मृदंगाच्या बोलांचे मुद्रण, आणि हे सारे कलावंतांच्या संमतीने, त्यांच्या नावानिशी अभ्यासकांना खुले करणे, एवढे कोकणातील एखादे महाविद्यालयही करू शकेल. फाळक्यांच्या आगकाड्या जपण्याची वेळ निघून गेली. संकासुराच्या बाबतीत ती अद्याप गेलेली नाही. जी माणसे ही सोंगे काढतात ती वयाने वाढत आहेत आणि त्यांची मुले मुंबईत नोकरी करतात, हे मात्र विसरून चालणार नाही.

पुढच्या शिमग्यालाही दाभोळची फेरीबोट चाकरमान्यांनी भरून जाईल. त्यांची मुले मोबाइलवर कोणाच्या तरी आजोबांनी काढलेली चित्रे खेळत असतील आणि उतरल्यावर वाडीत शिरताच घुंगरांचा आवाज ऐकून दचकतील. या दोन गोष्टींमधले अंतर तोडण्याचे काम कधी तरी त्यांच्यापैकीच एखादा मुलगा किंवा मुलगी हाती घेईल, अशी आशा बाळगायला हरकत नाही. त्या वेळी त्यांना उघडून पाहायला काही तरी शिल्लक असले पाहिजे. ते शिल्लक ठेवणे हे आजच्या वडीलधाऱ्यांचे काम आहे.